माफ केलं म्हणते, पण छाती जळते

पत्र:

प्रभूमध्ये सलाम. मी नागपूरला मोहननगर भागात राहते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा चौदा महिने त्यांचं सगळं मीच केलं. मोठ्या जाऊबाई पुण्याला असतात, त्या शेवटचे दोन दिवस आल्या. माती देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चार नातेवाइकांसमोर म्हणाल्या, "सोन्यासाठी केलं सगळं." माझे मिस्टर दारातच उभे होते, काही बोलले नाहीत. पाच वर्षं झाली, जाऊबाईंशी बोलणं बंद आहे. सासूबाईंनी जाण्याआधी दोन पाटल्या स्वतः माझ्या हातात ठेवल्या होत्या, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. दर रविवारी उपासनेला जाते, प्रभुभोजन घेते, प्रार्थनेत जाऊबाईंना माफ केलं असं म्हणते. पण त्यांचं नाव निघालं की छाती जळते. आता माझी सोळा वर्षांची मुलगी चुलत बहिणीबद्दल माझ्याच शब्दांत बोलायला लागली आहे. यंदा नाताळला ते सगळे आमच्याकडे येणार आहेत. पाळकसाहेब म्हणतात, माफ करा आणि विसरून जा. विसरता येत नाही. माझं अंतःकरणच वाईट आहे का? मी ढोंगी आहे का?

उत्तर:

प्रिय भगिनी,

सलाम. ढोंगी माणूस असं पत्र लिहीत नाही. त्याला ओठ आणि पोट यांतलं अंतर खुपत नाही, तुम्हाला पाच वर्षं खुपतंय. पण "अंतःकरण वाईट आहे का" या प्रश्नाला नुसता धीर देऊन भागणार नाही, कारण त्या शब्दाचा अर्थच आपण बहुतेक वेळा अर्धा धरतो.

आपण मन किंवा हृदय म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर भावना येतात. शास्त्रातला मूळ हिब्रू शब्द 'लेब' त्याहून पुष्कळ मोठा आहे. माणूस लेबने विचार करतो, बेत आखतो, निर्णय घेतो, लक्षात ठेवतो आणि हट्टही धरतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'अंतःकरण' हा शब्द आला हे आपलं भाग्य, कारण आपल्या जुन्या विचारपरंपरेतही अंतःकरण म्हणजे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार अशी चौघांची मिळून एक जागा आहे. नीतिसूत्रे 4:23 मध्ये सगळ्यांपेक्षा अंतःकरणाला जपायला सांगितलं आहे, ते जीवनाचा उगम तिथे आहे म्हणून. विहिरीत जे पाणी असेल तेच बादलीत येणार.

याचा तुमच्या छातीतल्या आगीशी थेट संबंध आहे. मत्तय 18:35 मध्ये प्रभू मनापासून क्षमा करायला सांगतो, आणि आपण त्याचा अर्थ लावतो की आतून काहीच जळत नसेल तेव्हाच क्षमा खरी. तसा अर्थ निघत नाही. अंतःकरण ही निर्णयाची जागा असेल, तर मनापासून क्षमा म्हणजे जिथे हिशेब ठेवला जातो तिथे बसून तो हिशेब सोडून देण्याचा निर्णय. जळजळ त्याच्या मागून, आपल्या गतीने शांत होते. कधी महिने लागतात, कधी वर्षं. जळजळ आहे म्हणून तुमची क्षमा खोटी ठरत नाही. ती अपुरी मात्र असू शकते. तुमच्या बाबतीत ती अपुरी आहे असं पत्र वाचून वाटतं, आणि त्याची कारणं पत्रातच आहेत.

पहिलं कारण, तुम्ही कर्ज मोजलंच नाही. त्याच अठराव्या अध्यायातला दाखला बघा. एका दासाचं राजाला दहा हजार तलांत देणं होतं, ते राजाने माफ केलं, आणि त्याच दासाचं दुसऱ्याकडे शंभर दीनार येणं होतं, ते त्याने सोडलं नाही. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एक तलांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. आजचा रोज 500 रुपये धरा. पहिलं कर्ज होतं 3,000 कोटी रुपयांचं, दुसरं 50,000 रुपयांचं. प्रवचनांमध्ये दुसरी रक्कम बहुधा किरकोळ म्हणून उडवून लावली जाते. पण शंभर दिवसांची मजुरी कुठल्याही मजुराला किरकोळ नसते. प्रभूने दाखल्यात एक दीनार म्हटलेलं नाही, शंभर म्हटलं आहे. तुमचं येणं खरं आहे. चौदा महिने कूस बदलणं, चमच्याने भरवणं, रात्री दोनला चादर बदलणं, आणि त्यावर ते वाक्य. "जाऊ द्या हो, तेवढं काय" असं म्हणून हे कर्ज माफ होत नाही, नुसतं झाकलं जातं. झाकलेलं निखाऱ्यासारखं आत राहतं.

म्हणून आधी एक वही घ्या. घरात कुणी नसेल अशी अर्ध्या तासाची वेळ काढा आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे त्या दिवशी नेमकं काय घडलं ते, कॅमेऱ्याला दिसलं आणि ऐकू आलं असतं तेवढंच. उजवीकडे तुम्ही त्यातून जे निष्कर्ष काढलेत ते. "सोन्यासाठी केलं सगळं" हे डावीकडे. "त्यांनी मला सगळ्या नातेवाइकांत चोर ठरवलं", "त्यांना सासूबाईंचं कधीच काही नव्हतं" हे उजवीकडे. यिर्मया 17:9 सांगतो की अंतःकरण सर्वांत कपटी आहे. ते फसवतं बहुधा असंच, उजवीकडच्या गोष्टी हळूहळू डावीकडे सरकवून. पाच वर्षांत किती ओळी सरकल्या ते तुम्हालाच दिसेल. खाली एक ओळ सोडून लिहा की या सगळ्यामुळे माझं काय गेलं. मान गेला, की नातं गेलं, की केलेल्या सेवेचं समाधान गेलं? सोडून काय द्यायचं हे कळल्याशिवाय सोडता येत नाही.

दुसरं कारण लिहायला मी जरा थांबले, पण लिहायलाच हवं. तुमच्या पत्रात जाऊबाई भरभरून आहेत आणि मिस्टरांवर एकच वाक्य आहे. दारात उभे होते, काही बोलले नाहीत. तेच वाक्य पत्रातलं सगळ्यात दुखरं आहे असं मला वाटतं. जाऊबाई वर्षातून एखादवेळी भेटणाऱ्या. ज्यांच्या आईची तुम्ही सेवा केलीत ते मात्र रोज समोर ताटावर बसतात, आणि त्यांनी त्या दिवशी "हे खोटं आहे" एवढे तीन शब्द उच्चारले नाहीत. घरातल्या माणसावरचा राग परवडत नाही, म्हणून तो दूरच्या माणसावर जाऊन बसतो. लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला मुलगा आठवा. तो धाकट्या भावाबद्दल बोलत असतो, पण "इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली आणि तुम्ही मला करडूसुद्धा दिलं नाही" हे तो बापाला सांगत असतो. त्या गोष्टीत बाप बाहेर अंगणात येऊन त्याची समजूत घालतो. तुमच्या अंगणात अजून कुणी आलेलं नाही.

तर जाऊबाईंच्या आधी मिस्टरांशी बोला. रात्री झोपताना नको, जेवताना नको, मुलगी घरात असताना नको. संध्याकाळी फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर चक्कर मारा. शेजारी शेजारी चालताना नजर टाळायला जागा असते, त्यामुळे पुरुषमाणसं बरी बोलतात. वीस मिनिटं पुरेत. "तुम्ही कधीच माझी बाजू घेत नाही" अशी सुरुवात केलीत तर ते 'कधीच' या शब्दाशी भांडत बसतील. एक दिवस, एक प्रसंग, एक मागणी एवढंच ठेवा: "त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात ते मला आजही लागतं. मला तुमच्याकडून एकदा ऐकायचं आहे की मी आईंसाठी जे केलं ते तुम्हाला दिसलं होतं." मग थांबा. त्या आठवड्यात त्यांची आई गेली होती, तेही त्यांना म्हणू द्या.

आणि याच चकरेत पाटल्यांचं सांगा.

त्या पाटल्या तुमच्या आहेत, याबद्दल शंका बाळगू नका. हयातीत, शुद्धीत, स्वखुशीने हातात दिलेला दागिना ही भेट असते. न दिलेलं सोनं वेगळं. आपल्या समाजाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि सासरे हयात नसतील, तर सासूबाईंच्या मागे राहिलेलं त्यांच्या मुलगे-मुलींत समान वाटलं जातं. सासरे असतील तर एक तृतीयांश त्यांचं, उरलेलं मुलांचं. सुनांचा त्यात स्वतःचा हिस्सा नाही, तुमचाही नाही आणि जाऊबाईंचाही नाही. म्हणून सोन्याची यादी दोन्ही भावांनी (बहीण असेल तर तिनेही) मिळून एका कागदावर करावी: नग, अंदाजे वजन, कुणाकडे आहे. खाली सह्या. यादीत शेवटी वेगळी ओळ: आईंनी हयातीत दिलेल्या दोन पाटल्या, अमुककडे. सोन्याची भांडणं बहुतेक घरांत सोन्यापेक्षा न केलेल्या यादीमुळे वाढतात.

पण पाटल्या हक्काच्या असूनही तुम्ही त्या पाच वर्षं लपवल्या आहेत. जाऊबाईंचा आरोप खोटा होता, तरी त्याला टेकायला एक कोपरा तुमच्या कपाटात होता. त्यांचं नाव निघालं की होणाऱ्या जळजळीत थोडी धास्तीही मिसळलेली असणार. चोरी नसताना चोरीची धास्ती. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या वाक्यानंतर कुणीही तो डबा उघडायला घाबरलं असतं.

आता प्रभुभोजनाचं. मत्तय 5:23-24 आपण नेहमी उलटं वाचतो. तिथे "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असं म्हटलेलं नाही. वेदीजवळ अर्पण आणल्यावर तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं आहे. हे ऐकणारे गालीलातले लोक, आणि वेदी यरुशलेमेत. पायी साधारण तीन दिवसांची वाट, म्हणजे नागपूरहून वर्ध्याच्याही बरंच पुढे. तिथून परत यायला सांगणाऱ्याला समेटाची निकड केवढी वाटत असेल! म्हणून प्रश्न असा विचारा की जाऊबाईंच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल. कदाचित दोनच दिवस आईंजवळ राहायला मिळालं ही रुखरुख. कदाचित शेवटच्या महिन्यांत फोनवर आपल्याला पूर्ण कल्पना दिली नाही ही तक्रार. यातलं काही खरं निघालं, तरी त्या वाक्याचं समर्थन होत नाही. मात्र बोलायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. प्रभुभोजन घेणं सोडू नका. 1 करिंथ 11:28 आत्मपरीक्षा करून मग भाकर खावी असं सांगतं, दूर राहा असं सांगत नाही. पाळकसाहेबांना एकदा सगळं सांगा, पाटल्यांसकट.

त्यांच्या "विसरून जा" मागचा हेतू चांगला आहे, पण तो सल्ला शब्दशः घेऊ नका. यिर्मया 31:34 मध्ये देव म्हणतो की मी त्यांचं पाप यापुढे स्मरणार नाही. हिब्रूत 'स्मरणे' म्हणजे आठवून त्यानुसार काही करणे. उत्पत्ती 8:1 मध्ये देवाने नोहाचं स्मरण केलं आणि पाणी ओसरायला लागलं, म्हणजे त्याआधी देव नोहाला विसरला होता असं नाही. पाप न स्मरणे म्हणजे ते कलम पुन्हा बाहेर काढून त्याच्या आधाराने माणसाशी वागायचं नाही, असा निश्चय. योसेफाने भावांना जवळ घेतलं तेव्हा, "तुम्ही ज्याला विकलं तोच मी" असं स्पष्ट म्हटलं. त्याला सगळं आठवत होतं, आणि तरी त्याने धान्य दिलं. तेवढं तुम्हाला जमण्यासारखं आहे.

जाऊबाईंशी बोलणं नाताळच्या ताटावर नको. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या, चार रविवारांपैकी तिसऱ्याच्या आत ते व्हायला हवं, म्हणजे पचायला दोन्हीकडे वेळ राहतो. मत्तय 18:15 सांगतं, एकांतात. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका, दुसऱ्या कुणाकडून निरोप नको, स्पीकरवर फोन नको. आधी तीन ओळींचा मेसेज: "ताई, नाताळला तुम्ही येताय याचा आनंद आहे. त्याआधी मला तुमच्याशी पंधरा मिनिटं एकटीने बोलायचं आहे. कधी फोन करू?" फोनवर आधी स्वतःचं सांगा: "पाच वर्षं मी तुमच्याशी बोलले नाही, माझ्या मुलीसमोर तुमच्याबद्दल वाईट बोलले. ते माझं चुकलं." इथे 'पण' येऊ देऊ नका. 'पण' आला की आधीचं सगळं पुसलं जातं. मनात दहा आकडे मोजा, त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्या. मग पाटल्यांचं सरळ सांगा, मिस्टरांना माहीत आहे हेही सांगा. शेवटी तुमचं दुखणं, एका वाक्यात: "माती देऊन आल्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला फार लागलं." वहीतलं फक्त डावीकडचं. उजवीकडचं बोलायला गेलात की वकिली सुरू होते.

एक चूक हमखास होते. न मागता "मी तुम्हाला माफ केलं" असं म्हणायचं नाही. ज्याने चूक कबूल केलेली नाही त्याला ते वाक्य आरोपासारखं लागतं. शास्त्रात या दोन वेगळ्या जागा आहेत. मार्क 11:25 मध्ये प्रार्थनेला उभं राहताना क्षमा करायची आहे, ती देवासमोर, एकटीने, समोरच्याची वाट न बघता. लूक 17:3 मध्ये भाऊ चुकला तर त्याला दाखवून दे आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, ही समोरासमोरची. पहिली तुमच्या हातात आहे. दुसरीला दोन माणसं लागतात.

त्यांनी फोन ठेवला, किंवा "तेव्हा म्हटलं ते बरोबरच होतं" असं सुनावलं तर? रोम 12:18 मध्ये दोन अटी आहेत: साध्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. "बरं ताई, मला एवढंच सांगायचं होतं, नाताळला या" म्हणून बोलणं संपवा. दुसरी पायरी एक-दोघांना बरोबर घेण्याची, आणि ती माणसं तुमच्या गोटातली नकोत. थोरले दीर चालतील, किंवा दोन्ही घरांना मान्य असलेलं कुणी वडीलधारं. घाई करू नका. 29 नोव्हेंबर 1970 ला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, आपल्याच नागपुरातल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या (चर्च) एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्याची बोलणी 1929 मध्ये सुरू झाली होती. बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणीचा, यावर एकमत झालंच नाही, दोन्ही पद्धती ठेवून ते एकत्र आले. एकाच प्रभूला मानणाऱ्यांना एकेचाळीस वर्षं लागली, तर दोन जावांना दोन नाताळ लागले म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

(हे वाचणाऱ्या ज्या भगिनींच्या घरात मारहाण किंवा जिवाला धोका आहे, त्यांच्यासाठी यातली एकही पायरी नाही. आधी सुरक्षित जागी जा, 181 वर फोन करा. क्षमा केली म्हणून तिथेच राहायला हवं असं प्रभूने कुठेही म्हटलेलं नाही.)

मुलीचं लांबणीवर टाकू नका. इब्री 12:15 मध्ये कडूपणाच्या मुळाचा इशारा आहे, ते अंकुरलं की पुष्कळांना विटाळतं. काटोल-नरखेडकडच्या कुणाही बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. आपला संत्रा जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर कलम बांधलेला असतो. कलमाच्या डोळ्याखालून खुंटाला फूट येते, ती कोवळी असताना बोटांनी निघते. राहू दिली तर तीच रस ओढते, काटे धरते, आणि तिला येतं ते आंबट जंबेरी. सोळाव्या वर्षी फूट अजून कोवळी आहे. तिला जवळ बसवून सांगा, "मोठ्या आईबद्दल मी तुझ्यासमोर जे बोलत आले त्यातलं बरंचसं माझ्या रागाचं होतं. तुझ्या बहिणीचा त्यात काही संबंध नाही." उपदेश जोडू नका. मुलांना आईने चूक कबूल केलेली पुष्कळ दिवस लक्षात राहते.

जळजळ मधूनमधून परत येईल. किती वेळा क्षमा करू असं विचारणाऱ्या पेत्राला सत्तर वेळा सात असं उत्तर मिळालं, ते वेगवेगळ्या अपराधांसाठीच असेल असं नाही. एकच अपराध चारशे वेळा आठवतो, आणि प्रत्येक वेळी तो सोडायचा असतो. त्या क्षणासाठी एक ठरलेलं वाक्य ठेवा: "प्रभू, हा हिशेब मी तुझ्याकडे दिला आहे." मग हातातलं काम चालू ठेवा. रात्री स्तोत्र 139 ची शेवटची दोन वचनं म्हणा, ज्यात स्वतःचंच अंतःकरण तपासायला देवाला बोलावलं आहे. आणि जाऊबाईंसाठी प्रार्थना मोघम नको. त्यांचे गुडघे दुखत असतील तर गुडघ्यांसाठी, त्यांच्या मुलीची परीक्षा असेल तर परीक्षेसाठी. ज्याच्या गुडघ्यांसाठी आपण रोज मागतो त्याच्याबद्दल डूख धरून राहणं दिवसेंदिवस अवघड होत जातं.

नाताळच्या आदल्या दिवशी पाहुणे आले की जाऊबाईंना दिवाणखान्यात पाहुणीसारखं बसवू नका. त्याच स्वयंपाकघरात पाट मांडा, त्यांच्याकडे करंज्यांना मुरड घालायचं काम द्या, तुम्ही तळायला उभ्या राहा. त्या दिवशी जुना विषय काढू नका, त्यांनी काढला तर गॅस बंद करून ऐका.